ज्याच्या चपला, त्यानं दार उघडावं

त्या घराचं दार आपलं माणूस कधी ठोठावत नसे. दादा बसची पाळी संपवून आला की दाराशी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचा. शेजारीण यायची ती जिन्यापासूनच हाका मारत. बोटांनी किंवा मुठीनं दार वाजवणारा म्हणजे परका, आणि परका म्हणजे खात्याचा माणूस, असा हिशेब होता. परदेशातून आलेल्यांचे परवाने तपासणाऱ्या त्या कचेरीला सगळे नुसतं 'खातं' म्हणत. दादा म्हणायचा, "नाव बरोब्बर ठेवलंय. माणसं खातं."

दादाकडे कागद होते. त्याच्या बहिणीकडेही होते, दादानंच करून दिलेले. नव्हते ते बहिणीच्या नवऱ्याकडे. परवाना संपला तेव्हा पुन्हा अर्ज करायचं कामाच्या रगाड्यात राहून गेलं, आणि मग अर्ज करायला जाणं म्हणजे आपणहून पिंजऱ्यात शिरणं झालं. तो फरशी बसवायचा. लोकांच्या घरांत गुडघ्यांवर आयुष्य काढायचा आणि संध्याकाळी मेव्हण्याच्या घरात मान खाली घालून जेवायचा.

दार वाजलं की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. फरशीवाला न्हाणीघराच्या खिडकीतून मागच्या पत्र्यावर उतरायचा, तिथून शेजारणीच्या अडगळीच्या खोलीत. बायको त्याच्या चपला रिकाम्या पिठाच्या डब्यात टाकायची. कप विसळून पालथा. दाढीचं सामान साबणाच्या खोक्यात. कपडे तर कपाटात नसायचेच, उशांच्या अभ्र्यात कोंबलेले असायचे. घरातली प्रत्येक उशी म्हणजे त्याचेच सदरे. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, त्यावर कॅलेंडर लटकायचं. मग दादा सावकाश दार उघडायचा.

धोका टळल्याची खूण एकच होती. बायको गायला लागायची. देवाची गाणी तिच्या तोंडी सदाच असत, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दार वाजलं की तिचं गाणं जिथल्या तिथं तुटायचं. ते पुन्हा सुरू झालं की फरशीवाला पत्र्यावरून परत यायचा. देव त्या घरात असा पहाऱ्याला बसवलेला होता.

तर अशा घरातल्या माणसानं एके दिवशी मुकादमाचं मनगट मोडलं.

मुकादमाला एक खोड होती. कुणी पाठ सरळ करायला उठला की तो खिशातून फोन काढायचा. "लावू का खात्याला? लावू?" बाकीचे हसायचे, कारण हसलं नाही तर तो खरंच लावेल ही भीती. त्या दिवशी फरशीवाला पाणी प्यायला उठला आणि मुकादमानं खरंच नंबर फिरवला. आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. पलीकडून एक बाई "बोला, काय माहिती द्यायची आहे?" म्हणाली, आणि फरशीवाल्यानं फरशी ठोकायचा रबरी हातोडा त्या फोनवर घातला. फोन वाचला. मनगट वाचलं नाही.

त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याचा वकील म्हणाला, "पहिलाच गुन्हा आहे. तुरुंगाऐवजी प्रोबेशन मिळू शकतं. म्हणजे घरी राहायचं, नीट वागायचं, आणि कोर्टाची अधिकारी येऊन बघत राहणार. पण आधी ती घर बघायला येईल. न कळवता येईल. सगळं जसंच्या तसं असू द्या."

"आणि खातं?" दादानं विचारलं.

"खातं वेगळं, कोर्ट वेगळं. प्रोबेशनची अधिकारी खात्याची नोकर नाही."

"आम्हाला सगळ्यांचे बूट सारखेच दिसतात," दादा म्हणाला.

तुरुंगात गेला असता तर तिथल्या दारातूनच खात्यानं त्याला उचलून देशाबाहेर धाडलं असतं. हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे घर घासूनपुसून ठेवलं. फोटोवरचं कॅलेंडर काढलं. कपडे कपाटात लावले. चपला बाहेर काढल्या. अधिकारीबाई येईल, "मी कोर्टातून आले" असं म्हणेल, आपण "या या" म्हणू, असं चित्र त्यांनी मनात रंगवलं होतं. ती दार ठोठावेल, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ती आली भर दुपारी. दादा जेवत होता. बहीण गात गात कपड्यांच्या घड्या करत होती, फरशीवाला न्हाणीघरात होता. दारावर थाप पडली.

गाणं तुटलं. पुढचं कुणी केलं नाही, ते झालं. चपला डब्यात. कप पालथा. कपाटातले सदरे अभ्र्यात, कॅलेंडर खिळ्यावर. न्हाणीघराची खिडकी करकरली आणि गप्प झाली. दादानं हात धुतला, सावकाश दार उघडलं. दारात निळा कोट घातलेली, पायानं मजबूत, चेहऱ्यानं त्याहून मजबूत अशी बाई.

"हिचा नवरा इथं राहतो ना?" तिनं त्याच्या खांद्यावरून आत बघत विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर दादाला झोपेतही पाठ होतं. खरं सांगायचं तर ते देताना त्याला जरा गोडच लागायचं. "तो? पळून गेला मेला. वर्षं झाली. बहिणीला नशिबावर टाकून गेला आणि बोजा आला माझ्या डोक्यावर."

बहिणीनं शिरस्त्याप्रमाणे मान खाली घातली.

"वर्षं झाली?"

"तोंड दाखवलं तर तंगडी तोडीन."

"मी कोर्टाची प्रोबेशन अधिकारी," बाई म्हणाली. "त्यानं हाच पत्ता दिलाय."

दादा सारवासारव करायला लागला. "म्हणजे… राहतात तसे. भाऊजी राहतात हो! आत्ताच… जरा…"

"आत्ताच पळून गेले? की वर्षांपूर्वी?"

बाई घरभर फिरली. न्हाणीघरात एकच कंगवा. कपाटात साड्या आणि दादाचा गणवेश. भिंतीवर कॅलेंडर. "दुसऱ्या पुरुषाची चप्पलसुद्धा नाही या घरात," ती म्हणाली.

आता त्याला बोलवायचं तर एकच रस्ता होता. बहीण गायला गेली. पहिला सूर फुटला तो रडवेल्या मांजरासारखा. तिनं पुन्हा धरला.

अधिकारीबाई वळून बघतच राहिली. "बाई, मी तुम्हाला नवऱ्याबद्दल विचारतेय आणि तुम्ही भजन म्हणताय? चेष्टा चाललीये माझी?"

"नाही हो, ते येतील, गाणं ऐकलं की…"

"नाग आहे का तो?" बाई म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ती कोपऱ्यावर पोचली असेल तेव्हा फरशीवाला गुडघ्यांना गंज लागलेला, केसांत कोळिष्टकं, खिडकीतून आत आला. "कोण होतं?" त्यानं विचारलं.

दादा बोलला. "तुमची सुटका आली होती, भाऊजीसाहेब. मी तिला हाकलून दिली."

"तूच हाकललीस!" बहीण ताडकन म्हणाली. "किती हौसेनं म्हणालास, पळून गेला मेला! जिभेला हाड नाही तुझ्या."

"हे वाक्य तूच शिकवलंस मला, विसरलीस? आणि चपला कुणी लपवल्या, मी? पिठाच्या डब्यात काय माझे पाय गेले?"

"दादा, त्यांना आत टाकतील."

"टाकू देत! माझ्या घरात मला चोरासारखं जगायला लागतंय. माझं घर, माझं दार, आणि थाप पडली की धडधड मला! यांच्यापायी माझ्याकडे कुणी सोयरा येत नाही. एकदा गेला तर गेला, निदान दार तरी उघडं टाकून झोपेन."

फरशीवाला न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून हे ऐकत होता. त्यानं केसांतली कोळिष्टकं काढली, बोटांवर गुंडाळली. "दादा खोटं नाही बोलत," एवढंच तो म्हणाला. त्याचं हे समजूतदार बोलणंच दादाला सगळ्यात जास्त लागायचं. भांडला असता तर बरं झालं असतं.

शिक्षेच्या दिवशी कोर्टात मुकादम पुढच्याच बाकावर बसला होता. मनगट बरं झालेलं होतं, तरी त्यानं ते दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का.

"मी गंमत करत होतो साहेब. गंमतीत माणसाचा हात मोडतात? याला आत टाका नाहीतर त्याच्या देशात हाकला. फुकट सोडू नका, एवढंच."

मग सरकारी वकील उठले. त्यांना आवाज चढवायची गरजच पडली नाही. "प्रोबेशन म्हणजे काय? घरी राहा, कामावर जा, नीट वाग. ज्याला या देशात राहायचाच परवाना नाही, त्याला कोर्ट कोणत्या तोंडानं सांगणार की घरी राहा? त्याचं घरी राहणं हेच बेकायदा. कामावर जाणं बेकायदा. त्यानं प्रोबेशनची अट पाळली तरी कायदा मोडला, नाही पाळली तरी मोडला. आणि उद्या खात्यानं त्याला परत पाठवला, तर अधिकारीबाई काय समुद्र पोहून देखरेख करणार?"

मागे कुणीतरी हसलं.

फरशीवाल्याचा वकील म्हणाला, "परवाना नसल्याची शिक्षा द्यायला खातं आहे. आज शिक्षा ठरवायची आहे ती मनगटाची. दुसऱ्या कुणी पहिल्यांदा असं केलं असतं तर त्याला प्रोबेशन मिळालं असतं. तोच गुन्हा, तेच मनगट. कागद नाही म्हणून तुरुंग, असं कायद्यात कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," न्यायाधीश म्हणाले. ते म्हातारे होते, चष्म्यावरून बघायचे, आणि त्यांच्या बघण्यात मायेचा लवलेश नव्हता. "परवाना नाही एवढ्यावरून मी प्रोबेशन नाकारणार नाही. आणि परवाना नाही म्हणून कीव येऊन देणारही नाही. मला एवढंच बघायचंय, हा माणूस शोधला तर सापडतो का. अधिकारीबाई?"

बाई उभी राहिली. "मी पत्त्यावर गेले. घरमालकानं सांगितलं, तो कैक वर्षांपूर्वी पळून गेला. घरात त्याची एक वस्तू नाही. बायको गायला लागली. माझ्या मते पत्ता खोटा आहे. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याच्यावर मी देखरेख करू शकत नाही."

न्यायाधीशांनी दादाकडे बघितलं. "तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणालो साहेब."

"खरं होतं?"

दादा बहिणीकडे बघेना, भाऊजीकडे तर नाहीच. त्याला एक शब्द बोलायचा होता, आणि तो बोलला की घराचा धनी म्हणून खात्याच्या वहीत त्याचंही नाव चढणार होतं. "खोटं होतं," तो म्हणाला, दातांवर दात ठेवून. "राहतो तो माझ्याकडे. पहिल्यापासून राहतो."

"म्हणजे तुम्ही कोर्टाच्या अधिकाऱ्याशी खोटं बोललात, आणि आता मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा?"

सरकारी वकिलांनी हात पसरले, बघा, आणखी काय हवं, असे.

तेव्हा बायको उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "साहेब, दादावर नका ठेवू विश्वास. माझ्यावरही नका ठेवू. या बाईंना पाठवा घरी, आत्ता, माझ्याबरोबर. यांना आणि दादाला इथंच बसवा. आज निघतानाही रोजच्यासारखं सगळं लपवून आलोय. ते दिसत नाहीत, कारण आम्ही दिसू देत नाही. दार वाजलं की लपवतो. तेव्हाही लपवलं. सवयीनं. मी दाखवते काय काय लपवलं ते."

वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. अशिलाचं माणूस भर कोर्टात सांगतंय की आम्ही लपवतो!

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "जा," ते अधिकारीबाईला म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत जाऊन या."

घरात शिरल्यावर बायकोनं आधी पिठाचा डबा उघडला. कामावरच्या चपला काढल्या. टाचा झिजलेल्या, अंगठ्याशी पांढऱ्या सिमेंटचा थर. मग साबणाच्या खोक्यातून दाढीचा ब्रश, त्याचे केस अजून ओलसर. कॅलेंडर उतरवलं, खाली हार घातलेली दोघं. गॅसच्या टाकीमागून फरशीवाले गुडघ्याला बांधतात ते पट्टे. शेवटी तिनं उशा उचलून अभ्रे पलंगावर रिकामे केले. सदरे, बनियनी, विजारी, पलंगावर ढीग झाला, आणि घरात एकदम एका माणसाच्या घामाचा वास सुटला.

अधिकारीबाईनं एक सदरा उचलून बघितला. त्याच्या कोपराला ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं.

"इतकं चांगलं लपवता," ती म्हणाली. "म्हणजे उद्या मलाही लपवून दाखवाल."

"बाई, नसलेल्या माणसाला लपवायला एवढी जागा लागत नाही."

"माझ्याशी असं बोलायचं नाही." बाईनं सदरा खाली ठेवला. टाकला नाही, घडीवर घडी घालून ठेवला. "आणि ते गाणं?"

"ती खूण आहे. गायलं की ते परत येतात."

बाईनं न्हाणीघराची खिडकी उघडून पत्र्याकडे बघितलं. शेजारणीच्या अडगळीच्या खोलीचं दार वाऱ्यानं हलत होतं. "चला," ती म्हणाली.

कोर्टात तिनं जे पाहिलं तेवढंच सांगितलं, एक अक्षर इकडंतिकडं नाही. "तो तिथं राहतो. आणि कुणी आलं की पळतो. दोन्ही खरं आहे."

"प्रोबेशन देतो," न्यायाधीश म्हणाले. मुकादम बाकावरून उठलाच. "बसा. अजून संपलं नाही. मुकादमाच्या आसपास फिरकायचं नाही. अधिकारीबाई न कळवता येतील आणि दार ठोठावतील. दार आरोपीनं स्वतः उघडायचं. बायकोनं नाही, मेव्हण्यानं नाही. एकदा जरी दुसऱ्या कुणी उघडलं आणि तो खिडकीतून गेला, तर थेट तुरुंग. समजलं?"

"समजलं," फरशीवाला म्हणाला. त्या दिवशी कोर्टात तेवढाच त्याचा आवाज ऐकू आला.

सरकारी वकील कागद आवरताना हसले. "उत्तम. म्हणजे खात्याची माणसं आली तरी हाच दार उघडणार. थाप तर सारखीच."

"तो त्याचा प्रश्न आहे," न्यायाधीश म्हणाले. "मी दुसऱ्याच्या दाराची राखण करत नाही."

घरी आल्यावर दादा धुसफुसत होता. "आता माझं नाव लागलं. माझ्या घरात येऊन बसणार ती निळी बाई, आणि मागोमाग खातं. बरं झालं, गावजेवणच घालू." तो बहिणीवर ओरडला, "आणि तू! सगळ्या जगाला पिठाचा डबा दाखवलास!"

ती ऐकून घेत होती आणि कपाट लावत होती. सदरे हँगरवर. ब्रश आरशापाशी. मग तिनं नवऱ्याच्या चपला नेऊन उंबऱ्याबाहेर मांडल्या, नीट जोडीनं, देवळाबाहेर काढाव्यात तशा. येणाऱ्यानं आधी त्याच बघाव्यात, म्हणजे कुणाला शंका नको.

फरशीवाला एकदा न्हाणीघराची खिडकी खिळे मारून बंद करायला निघाला. "नको," दादा म्हणाला. "राहू दे."

पुढं त्या घरात कुणाला नीट झोप लागेना. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघंही दाराकडे बघायचे. पूर्वी निदान काय करायचं ते ठाऊक होतं.

एका सकाळी फरशीवाला न्हाणीघरात आरशापुढं दाढी करत होता. अर्धा गाल साबणात. ती डबा भरता भरता गात होती. दादा गणवेश चढवून, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन बूट शोधत होता.

दारावर थाप पडली. तीन बोटांची, कोरडी.

गाणं तुटलं. तिचा हात त्याच्या कपाकडे गेलाच. दादाच्या हातातला जुडगा मुठीत गप्प झाला. फरशीवाल्याच्या पाठीशी खिडकी होती, उघडी, आणि पत्र्यावर ऊन पडलेलं. तो आरशातून त्या उन्हाकडे बघत होता. दादानं मान हलवली. ती जा म्हणून हलली की नको म्हणून, हे दादाला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

थाप पुन्हा पडली.

तिनं कप खाली ठेवला. आणि तुटलेली ओळ, जिथं तुटली होती तिथूनच, तिनं पुन्हा उचलली. आवाज कापत होता, सूर खाली घसरला होता, पण ती गात राहिली. आजवर या गाण्याचा अर्थ एकच होता, ये, कुणी नाही. आज दाराबाहेर कुणीतरी होतं आणि ती तरी म्हणत होती, ये.

फरशीवाल्यानं हातातला वस्तरा ठेवला. तोंडावर साबण तसाच घेऊन तो बाहेरच्या खोलीत आला, दादाच्या अंगावरून पुढं गेला आणि त्यानं कडी काढली.

निळा कोट.

अधिकारीबाई त्याच्या अर्ध्या गालाकडे बघत राहिली. "उशीर लावलात."

"दाढी करत होतो."

"दिसतंय." तिनं पायांकडे बघितलं. "या चपला कुणाच्या?"

"माझ्या."

"आत घ्या."

तो गोंधळला. "तुम्हाला दिसाव्यात म्हणून…"

"मी आत येऊन बघते. माझ्यासाठी रस्त्यावर प्रदर्शन मांडायची गरज नाही." ती उंबरा ओलांडून आत आली, आणि आवाज खाली न आणता, त्याच खडूस सुरात म्हणाली, "कोपऱ्यावर पांढरी गाडी उभी आहे. दोघं जण दारोदार विचारत फिरतायत. माझे नाहीत ते. आणि मी कुणाला काही सांगितलेलं नाही, तर माझ्याकडे असं टकामका बघू नका. पुरी करा दाढी, मला पुढं बरीच घरं आहेत."

गाणं थांबलं नव्हतं. फरशीवाला वाकायला गेला, तर साबण उंबऱ्यावर गळला.

"सरका भाऊजी," दादा म्हणाला. "घर माझं आहे, घाण करताय." आणि गणवेशातला तो जाडजूड माणूस पुटपुटत, शिव्या घालत गुडघ्यावर बसला. त्यानं त्या सिमेंटानं पांढऱ्या झालेल्या चपला उचलल्या, पिठाच्या डब्याकडे एकदा बघितलं, आणि आत, भिंतीशी, स्वतःच्या बुटांना चिकटून ठेवल्या. मग दाराला आतून कडी घातली.